जावईबापूंचं मीठ

बाई शिलाईकाम करायची, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि पुढच्या खोलीत, जिथे चारचौघांकडे सोफा असतो तिथे, यांच्याकडे माणूस आडवा मावेल एवढी काचेची टाकी होती. टाकीत खारं पाणी आणि त्यात मांडीएवढी जाड, ठिपक्याठिपक्यांची समुद्री वाम, सापासारखी लांबलचक मासळी. शेजारी तिला साप म्हणत. नवरा म्हणायचा जावईबापू. दिवसभर टाकीतल्या नळकांड्यात पडून राहायचं, जेवायच्या वेळी तेवढं डोकं बाहेर काढायचं, वर सगळ्यांकडे आ वासून बघायचं. दुसरं काय म्हणणार? पोटी मुलगी नाही, मुलगा नाही, जावई मात्र घरात ठाण मांडून. बाई त्याच्या नावाने बोटं मोडायची. एकदा त्याने नवऱ्याच्या अंगठ्याचा लचका तोडला, तेव्हा एक तर हा राहील नाही तर मी, असं तिने बजावलंही होतं. दोघंही राहिली.

मग कामावरच नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी धड आशाही दाखवली नाही. इस्पितळातून परतलेली बाई टाकीसमोर उभी राहिली आणि तिने मनाशी ठरवलं, माणूस घरी येईल तेव्हा त्याला त्याचा जावई जिवंत दिसला पाहिजे. तिच्या हातात तेवढंच उरलं होतं.

लांब चिमट्याने माकूळ मासळीचे तुकडे भरवायला ती भीत भीत शिकली. वाम फटीतून बाहेर सरकते हे ठाऊक होतं, म्हणून झाकणावर विटा ठेवायला कधी विसरली नाही. टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. नवरा रोज डब्याने भर घालतो हे तिने वर्षानुवर्षं मशीनवर बसून पाहिलं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी पिंपात समुद्री मीठ कालवतो हेही. तिने दोन्हींची सांगड घातली. रोज मीठ कालवूनच पाणी ओतू लागली.

इस्पितळात ती त्याला सगळं सांगायची. जावईबापू जेवले, पंप चालू आहे, मीठ घालून रोज पाणी भरते. मिठाचं नाव निघालं की त्याचा डावा हात चादरीवर इकडून तिकडे फिरू लागायचा, थांबायचाच नाही. तिला वाटलं, मीठ भुरभुरून दाखवतोय, कमी पडतंय. तेव्हापासून ती मूठभर जास्तच टाकू लागली.

जावईबापूंनी खाणं सोडलं, तोंडाची उघडमीट घाईघाईने सुरू झाली, तेव्हा तिने माशांच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली, आकडा वाचला आणि रोज पाणी कसं भरता ते विचारून घेतलं.

“काकू, वाफ पाण्याची होते, मिठाची नाही,” तो म्हणाला. “मीठ आतच राहतं. रोजची भर साध्या पाण्याची घालायची. मीठ लागतं ते पाणी बदलताना.”

चादरीवरचा तो हात तिला आत्ता कळला. नको, नको म्हणत होता बिचारा.

दोघांनी मिळून थोडं थोडं पाणी बदललं, पण सकाळी वाम नळकांड्याबाहेर उलटी पडली होती. जिला कधी बोट लावलं नव्हतं, तिला बाईने कपाटातल्या कोऱ्या कापडात नीट गुंडाळलं.

इस्पितळात नवरा दाराकडेच डोळे लावून होता. ती दिसताच हात चादरीवर फिरू लागला. खरं ते सांगून टाकायचं असं ती वाटभर घोकत आली होती.

“अहो, मीठ बंद केलं,” ती म्हणाली. “साधंच पाणी घालते आता.”

हात थांबला. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्याला शांत झोप लागली. बाईला रडायचीही चोरी झाली. उद्या तो डोळ्यांनीच जावयाबद्दल विचारणार, परवाही विचारणार, आणि प्रत्येक वेळी मेलेल्या जावईबापूंना नुसत्या शब्दांनी जेवू घालावं लागणार, हे मनात धरून ती तिथेच बसून राहिली.