साहेबांची हॉचपॉच

बसा, चहा होऊ द्या, तोवर माझ्या इंग्रजीने माझी कशी फजिती केली ते ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला बोलू देणार नाही तुम्ही.

पन्नास-पंचावन्न सालाकडची गोष्ट. मी अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो, पण टेंपररी. धामणगावची मुलगी पाहून झाली होती, पसंतही होती. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. ते म्हणाले, "पर्मनंट व्हा, मंग तारीख काढू." आणि पर्मनंट करणार कोण? अमरावतीहून तपासणीला येणारे साहेब!

आता मला सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? आपल्याजवळ असेल नसेल ते सगळं दाखवेल. मी तेच केलं. साहेब मागच्या बाकावर बसले आणि मी आठवीच्या पोरांना चाळीस मिनिटांत अर्धी कविता, तिन्ही काळ, मामाला पत्र, दहा शब्दांचं शुद्धलेखन आणि शेवटी फळ्यावर इंग्लंडचा नकाशा, एवढं सगळं शिकवलं. नकाशा जरा वांग्यासारखा आला, पण आला.

साहेब उठले, व्हरांड्यात गेले आणि आमच्या हेडमास्तरांना एकच शब्द बोलून पुढच्या वर्गात शिरले.

हेडमास्तर संस्कृतचे. मोठा देवमाणूस, पण इंग्रजीशी त्यांचं जमत नसे. ते धावत माझ्याकडे आले.

"मास्तर, सायब हॉचपॉच म्हणून राह्यले. काय असते हो ते?"

खरं सांगतो, तो शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. पण इंग्रजीच्या मास्तराने तसं कबूल करायचं असतं का? "एक मिनिट," म्हणालो, "स्पेलिंग आठवतो." आणि कपाटाआड जाऊन कोश उघडला. सापडला. अर्थ पहिलाच: खिचडी. पुढे स्वल्पविराम होता, त्याच्यापुढेही काहीतरी छापलं होतं. पण घंटा झाली आणि मी कोश मिटला.

"सर, साहेबांना जेवायला खिचडी पाहिजे."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांचं जेवण त्यांच्याच घरी, शाळेच्या मागे होतं. आम्ही दोघं तिकडे पळालो. काकू पुरणपोळ्या करून नुकत्या बसल्या होत्या.

"आता खिचडी काहून?" काकू म्हणाल्या. "सकायपासून पुरणावर राबून राह्यली मी."

"सायबाचं पोट बिघडलं असन," हेडमास्तर म्हणाले.

"मंग तसं सांगाव नं सरळ. इंग्रजीत काहून सांगते?"

मी पोळ्या तेवढ्या झाकून ठेवायला लावल्या.

बारा वाजता साहेब पाटावर बसले. ताटात मऊ खिचडी, एक पापड, लोणच्याची एक फोड. आतून पुरणाचा असा घमघमाट येत होता की माझंच लक्ष ताटात नव्हतं. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"एवढंच?"

मी हात जोडून पुढे झालो. केवढा आनंद झाला होता मला! "सर, ॲज पर युअर ऑर्डर. हॉचपॉच."

"मी कधी मागितली?"

"व्हरांड्यात, सर. माझ्या तासानंतर."

साहेबांनी घास खाली ठेवला. "अहो मास्तर, ते मी तुमच्या तासाला म्हणालो."

धामणगाव डोळ्यांपुढून निघून गेलं. हेडमास्तर छताकडे पाहू लागले. तेवढ्यात काकूंनी आतून विचारलं, "सायबाले खिचडी नसन आवडली तं पुरणपोया आणू काय? या मास्तरानंच झाकून ठेवाले लावल्या."

साहेब असे हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, पुन्हा हसले. मग पाच पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपासकट, आणि तिथेच शेऱ्यांची वही मागवली. लिहून झाल्यावर मलाच वाचायला दिली. एक ओळ होती: कायम करण्यास हरकत नाही. दुसरी होती: यांच्याकडचं इंग्रजी काढावं, मिसलेनियस द्यावं.

मी कायम झाल्याच्या आनंदात दुसऱ्या ओळीकडे पाहिलं कुठे? सोमवारी वेळापत्रक लागलं. माझ्या नावापुढे चित्रकला, कवायत, सूतकताई, बागकाम आणि कोणी गैरहजर असेल त्याचा तास. वर मथळा: मिसलेनियस. म्हणजे किरकोळ, हे तेव्हा कुठे ठाऊक! मला वाटलं, एवढे विषय एका माणसाकडे, म्हणजे ही मोठी पोस्टच असणार.

तशाच ताठ मानेने मी धामणगावला गेलो.

"झाले पर्मनंट?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. "आता कोणतं खातं हाय तुमच्याकडं?"

"मिसलेनियस," मी म्हणालो.

त्यांचा ऊर भरून आला. महिनाभरात लग्न ठरलं, पत्रिका छापल्या. त्या साहेबांनाही एक गेली. माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत होतं: मिसलेनियस मास्तर, अकोला.

सासऱ्यांना दोष देऊ नका. छापण्याआधी मजकूर तपासायला माझ्याकडेच आला होता. त्यांनी "मिसलेनियस" बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते मोठं मीच करायला सांगितलं.