मामेसासऱ्यांनी न काढलेली चूक

साक्षात ब्रह्मदेवाने सृष्टी तपासायला पाठवली असती, तरी आमच्या मामेसासऱ्यांनी तीत दोन चुका काढून ती परत धाडली असती. लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय वाचण्यात हयात गेलेला माणूस. पण तीच नजर ते श्रीखंडावरही टाकत. "वेलची जुनी आहे," हे भर पंगतीत, यजमान शेजारी उभे असताना. माझ्या लग्नात मला आपादमस्तक न्याहाळून ते भाचीला म्हणाले होते, "डावा खांदा उतरलाय. बाकी ठीक." तेव्हापासून मी फोटोत तिरका उभा राहतो. निवृत्तीनंतरही पार वाघोडियाहून लोक फिल्मांची पाकिटं घेऊन मांडवीतल्या त्यांच्या घरी येत. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून ते आधीच्या डॉक्टरच्या रिपोर्टात खोट काढत, आणि कधीकधी त्या खोटीपायीच एखादं कुटुंब हसत जिना उतरे.

आमची लेक बाळंत झाली, तेव्हा बाळ रडलंच नाही. नाळ गळ्याभोवती आवळलेली. मेंदूला प्राणवायू पोचायला उशीर झाला. एमआरआयचा रिपोर्ट वाईट आला. पाकीट घेऊन आम्ही मांडवीत गेलो. मामांच्या ज्या खवचटपणाला मी जन्मभर वैतागलो, त्याचाच वाटभर धावा करत होतो. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. चष्मा पुसला. पुन्हा धरली. बायको म्हणाली, "मामा, काहीतरी चुकलं असेल ना त्यांचं?"

"नाही गं. बरोबर लिहिलंय."

त्यांच्या तोंडून हे वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. लेकीने हळूच विचारलं, "मामाआजोबा, तो चालेल?"

"अवघड आहे, बेटा. हालचाल सांभाळणारा आतला भागच दुखावलाय. पण तो आपला आवाज ओळखेल का, ते यात दिसत नाही. ते तू मला सांगायचं."

नातू आता तीन वर्षांचा झालाय. मान अजून धरत नाही. घास गिळताना ठसका लागतो आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसतो. मामा रोज सकाळी सुभानपुऱ्यात आमच्याकडे येतात, पण वर येण्याआधी खिडकीखालच्या भाजीच्या हातगाडीवर, म्हणजे इकडच्या लारीवर, वांग्यांवरून भांडतात. "भाई, आ रिंगणां छे के पथरा?" वांगी आहेत की दगड, हा त्यांचा गुजरातीतला रोजचा सवाल. तो आवाज आला की वर बाळाचे डोळे खिडकीकडे वळतात, ओठ हलतात. लेकीने हे मामांना सांगितलं, तेव्हापासून भांडण लांबतच चाललंय. लारीवाल्यालाही आता ठाऊक आहे. मामा दिसले की तो ताजी वांगी वर मांडतो, आणि भाव मुद्दाम चढवून सांगतो.