पाटीखालचे तीन रंग

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिने तीस वर्षं माझ्या हाताचा टर्पेंटाइनचा वास सहन केला आणि मी फौजी होतो असं समजतच ती गेली. तुम्हाला काऊन सांगून राह्यलो? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणूनच असेल. पण एक आधीच सांगून ठेवतो — मान खाली घालून बोलणं मला जमणार नाही. वाचायचं तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

गुडीहत्नूरला हायवेवर, ढाब्यांची ओळ संपते तिथं माझं दुकान. गाड्यांच्या नंबरच्या पाट्या रंगवायचं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, स्कूटर. पाटी काळी करायची, वाळू द्यायची, खडूची दोरी मारायची आणि पांढऱ्या रंगात आकडे काढायचे. माझा आठ बघून लोक विचारत, हा कोणाच्या हातचा? दुकानाच्या कपाळावर मीच लिहिलं होतं — 'फौजी पेंटर'. गावात कोणी मला नावानं हाकच मारत नसे. फौजी, चहा घे. फौजी, बस. फौजी, तू सांग, पुढे लढाई होते का?

मी फौजी नव्हतो.

म्हणजे — होतो. तीन महिने. एकोणिसाव्या वर्षी भरती झालो तेव्हा गावानं वाजतगाजत बसपर्यंत पोचवलं होतं. ट्रेनिंगमध्ये पळणं जमलं, दोर चढणं जमलं, उपाशी राहणं तर घरूनच जमत होतं. गोळीचा आवाज जमला नाही. पहिल्यांदा रायफल चालवली आणि माझी चड्डी ओली झाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी रायफल खाली ठेवून रडायला लागलो. उस्तादांनी मारलं, समजावलं, पुन्हा मारलं. शेवटी मीच अर्ज दिला. त्यांनी एक कागद आणि घरापर्यंतचा रेल्वेचा पास हातात ठेवला, आणि मी नागपूरला उतरून गेलो. घरी कोणत्या तोंडानं जाणार? नागपुरात एका पेंटरकडे चार वर्षं डबे धुतले, ब्रश धुतले, हात बसला. घरी पत्रं टाकायचो — इथं बर्फ आहे, माझी काळजी करू नका. आई ती पत्रं शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची. चार वर्षांनी परतलो तेव्हा म्हणालो, गुडघा गेला, म्हणून सोडलं. महिनाभर लंगडलो. मग लंगडणं विसरलो, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

हा माझा गुन्हा म्हणता का? म्हणा. मी म्हणत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला भीती वाटली. वाटली तर वाटली. आईला चार वर्षं ताठ मानेनं पाणी भरता आलं, त्याचा मला आजही पस्तावा नाही. सांगायचंय ते हे नाहीच.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास आमच्या शेजारच्या गावचा एक शिपाई लंकेत मारला गेला. शामराव नाव. बायको बावीस वर्षांची, सुमन, दोन लेकरं. गावचा फौजी म्हणून मला भेटायला जावं लागलं. तिनं विचारलं, "भाऊ, तुमी असं कोनी मरतानी पाह्यलं का? लई दुखते का?" मी म्हणालो, नाही, कळतही नाही. मला काय माहीत? पण ती शांत झाली. परत येताना सायकलवर मला ती कल्पना सुचली.

नंबरच्या पाटीखाली जोडायची बोटभर रुंद पत्र्याची पट्टी. नंबराला धक्का नाही, फक्त खाली तीन रंग — लाल, गडद निळा, फिकट निळा. झेंडा दिनाला छातीवर लावायची कागदी निशाणं मिळतात ना, तेच रंग. पायदळ, नौदल, हवाईदल. पट्टीचे जे पैसे येतील ते सैनिकांच्या बायकामुलांना. तहसिलीतून निवृत्त झालेले अनंतराव पेशकार होते, त्यांना मी ही गोष्ट सांगितली. सरळ माणूस. त्यांनी समिती केली, पैसा स्वतःच्या हातात ठेवला. पत्रा माझा, रंग माझा, मेहनत माझी. एक पैसा मी खाल्ला नाही — हे मी कोणाच्याही डोळ्यात डोळे घालून सांगेन.

आणि ती पट्टी चालली! आधी एका ट्रकवाल्या सरदारजीनं लावली, मग कापसाच्या व्यापाऱ्यांनी, मग डॉक्टरच्या स्कूटरवर दिसली. वांकिडीहून, आसिफाबादहून लोक यायचे. पट्टी नसलेल्या जीपवाल्याला ढाब्यावर टोमणे बसायचे. सुमनला शिलाई मशीन आलं, एका म्हाताऱ्याच्या घरावर पत्रे चढले, दोन पोरी बारावीपर्यंत शिकल्या. हे सगळं एका भित्र्या माणसाच्या खोटेपणातून झालं. मग? ते पत्रे गळले का? खरा फौजी पट्ट्या रंगवत बसला असता का?

बघा, मी पुन्हा तुमच्याशी भांडायलाच लागलो. सांगायचं राहूनच जातंय.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात दुकानावर एक माणूस सायकल ढकलत आला. चाळिशीचा, एक पाय जपून टाकणारा. राजन्ना. गाव बेल्लमपल्लीच्या बाजूला, घरात तेलुगू, पण बोलला ती पलटणीतली हिंदी. सायकलच्या मागच्या मडगार्डवर 'माजी सैनिक' लिहून हवं होतं. बर्फात पायाची दोन बोटं गेली म्हणाला, जसं आपण छत्री हरवली म्हणतो तसं. दुकानाची पाटी वाचून खुलला. "कौन सी पलटन, भैया?" मी एक नाव सांगितलं. "नंबर?"

भरती होताना प्रत्येकाला एक नंबर मिळतो. दिवसातून शंभर वेळा ओरडून सांगावा लागतो. म्हातारा झाला, पोरांची नावं विसरला, तरी शिपाई तो विसरत नाही. मलाही मिळाला होता. रोज दहा गाड्यांचे नंबर काढणारा मी — माझा एक नंबर मला आठवेना. मी म्हणालो, बहुत साल हो गए. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नंबर कोई भूलता नहीं, भैया." आणि हसला. वाईट नाही, चांगलं हसला. "लिखो, लिखो. अक्षर अच्छा है आपका."

त्याला कळलं होतं. आणि त्यानं सोडून दिलं होतं. यात घाबरण्यासारखं काय होतं, सांगा? काहीच नव्हतं. पण आठ दिवस मला जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी समितीची बैठक होती, शाळेच्या व्हरांड्यात. राजन्ना अर्ज घेऊन आला होता. कोळशाच्या खाणीवर वॉचमनची जागा निघाली होती, माजी सैनिकालाच घेणार होते. त्याचं डिस्चार्जचं पुस्तक वाळवीनं खाल्लं होतं. दुसरं मागवलं होतं, पण ते यायला वर्ष जाणार. तोवर समितीनं तस्दीक करून द्यावी, हा माणूस खरा सैनिक आहे एवढं लिहून द्यावं, म्हणजे त्याचा अर्ज पुढे जाईल. पेशकारांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले. "फौजी, यातलं तुमालेच समजते. तुमी बोलले का नाई यांच्याशी? मानूस खरा हाये ना?"

चाळीस-पन्नास माणसं होती. सुमन होती. मास्तर होते.

मी म्हणालो, "खोटा हाये."

एवढंच बोलून थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. म्हणालो, पलटणीचं नाव धड सांगता येत नाही, दुकानावर येऊन काहीबाही बोलला, असे बोगस लोक हल्ली फार फिरतात, आपल्या पट्टीचं नाव खराब होईल. माझा आवाज चढला होता. मला चढवावा लागला नाही, आपोआप चढला.

राजन्ना रागावला नाही. तो पेशकारांना म्हणाला, "साब, इनका नंबर पूछो. सिर्फ नंबर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी सकाळी मी दोन पाट्या केल्या होत्या, एक ट्रकची, एक जीपची. दोन्ही डोळ्यांसमोर ओल्या होत्या. मी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि ट्रकचे आकडे आणि जीपचे आकडे एकापुढे एक ओरडून दिले — छे दो एक नौ, चार चार सात शून्य! मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

त्यानंतर राजन्ना सावधानमध्ये उभा राहिला. त्याचा तो पाय नीट टेकत नव्हता, म्हणून तो जरासा कलला. त्यानं त्याचा खरा नंबर सांगितला. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. कललेला बघून पोरं हसली. पेशकारांनी अर्ज परत केला, आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, माफ करा, तस्दीक करता येणार नाही. त्यानं अर्जाची घडी केली, खिशात ठेवली आणि सायकलवर न बसता ती ढकलत फाटकाबाहेर गेला. मडगार्डवर माझ्या अक्षरात 'माजी सैनिक' लिहिलेलं होतं.

दीड वर्षानं त्याचं पुस्तक आलं. त्यानं ते पेशकारांना आणून दाखवलं. तोवर वॉचमनच्या जागा भरल्या होत्या, त्याचं वय बसत नव्हतं. आदिलाबादला एका जिनिंगमध्ये तो रुईच्या गाठी ओढत होता, त्या पायानं. पेशकार स्वतः त्याच्या खोलीवर जाऊन हात जोडून आले. मला म्हणाले, "फौजी, आपली नजरचूक झाली." मी म्हणालो, "झाली, साहेब." ते वाट बघत होते, मी म्हणेन की मीही जातो. मी ब्रश धूत राहिलो.

तुम्हाला वाटेल, हेच ते. इतकी वर्षं हेच लपवलं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. आणि याला माझ्याकडे उत्तरही होतं — भर सभेत माझी आब्रू जात होती, माझ्याबरोबर पट्टी बुडाली असती, पट्टीबरोबर त्या बायांची मदत. घाबरलेला माणूस काय करेल? हे उत्तर मी स्वतःला इतक्या वेळा दिलंय की ते पाठ झालंय.

पण नव्याण्णव साली, कारगिलच्या वर्षी, त्या उत्तराचंही काही राहिलं नाही. त्या वर्षी पट्ट्या पुरत नव्हत्या. मी तीन माणसं कामाला ठेवली होती. आदिलाबादला माझा सत्कार झाला, शाल दिली, भाषणं झाली. दुपारी मी बस स्टँडवर गुडीहत्नूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. ऊन होतं, फलाट रिकामा होता. राजन्ना समोरून आला. केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, थांबला आणि शेजारी बसला. भांडायला नाही. खिशातून बिडी काढली, मलाही एक पुढे केली. मग इतक्या वर्षांत शिकलेल्या आमच्या बोलीत, तुटक तुटक म्हणाला, "मी कोनालेच नाई सांगितलं. कंदीच सांगनार नाई. फक्त मले सांगा, तुमी काऊन केलं तसं?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. पेशकार वारले होते. त्याला नोकरी नको होती, पैसा नको होता, माफीही मागितली नव्हती त्यानं. एक शब्द बोललो असतो तर माझं काही जात नव्हतं. घाबरलो म्हणालो असतो. भीती त्याच्याइतकी कोणाला कळली असती?

मी शाल सावरली. त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "मी तुमाले वळखत नाई."

 मला पुढे केलेली बिडी त्यानं परत खिशात ठेवली आणि उठून निर्मलला जाणाऱ्या गाडीकडे गेला. पुन्हा मला तो दिसला नाही. मीही शोधला नाही.

त्या वाक्याला कारण नाही. मी पुष्कळ शोधलं. भीती नव्हती, फायदा नव्हता, कोणी ऐकत नव्हतं. ते वाक्य पूर्ण शुद्धीत, भर दुपारी, मी माझ्या मर्जीनं बोललो. ते माझं आहे.