उजेडासाठी केलेलं टक्कल

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाहीतर हसता हसता ठसका लागेल अन् खापर माझ्या डोक्यावर फुटेल. या डोक्यानं आधीच काय कमी भोगलंय?

सौसरात माझं शिलाईचं दुकान. कोट शिवायला लोक पार पांढुर्ण्याहून येतात, खोटं नाही सांगत! पण दोन वर्षांपासून डोक्यात सोरायसिस. लाल चट्टे, वर चंदेरी पापुद्रे, अन् खाज तर अशी की गिऱ्हाईक समोर उभं असतानाही मी पेन्सिलीनं डोकं खाजवून राहिलो! लोकांना वाटे कोंडा. मीही म्हणे कोंडाच. खरं सांगितलं तर गावभर होणार, 'मास्टरले चामडीचा रोग हाये,' अन् गिऱ्हाईक दुसरं दुकान धरणार. हा रोग कोणाला लागत नाही, पण समजावून कोणाकोणाला सांगता?

एक दिवस एका नवरदेवाच्या काळ्या कोटाची फिटिंग पाहायला वाकलो, तर बिचाऱ्याच्या खांद्यावर हिमालयच पडला! त्याच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, "मास्टर, उजेडानं उपचार करायची एक छोटी मशीन आली आहे. काही पेशंटवर तिची चाचणी सुरू करतोय. तुमचं नाव घालते. उजेड चामडीपर्यंत पोचला पाहिजे, बस. गुरुवारी या."

परतताना बसमध्ये मी डोकं चालवलं. उजेड चामडीपर्यंत पोचायचा, तर मधात आडवं कोण येतं? केस!

"अजी, डॉक्टरीणबाईनं केस काढा म्हनलं काय?" माझा बेत ऐकून बायकोनं विचारलं.

"सारंच सांगा लागते काय? आपल्याले अक्कल नाई काय?"

बुधवारी सकाळीच न्हाव्याकडून मशीन फिरवून घेतली. चकाचक टक्कल! चट्टे दिसू नयेत म्हणून वर पांढरा दुपट्टा गुंडाळला अन् दुकान उघडलं. पण कानामागचं टक्कल काही दुपट्ट्यात मावेना.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. माझे बाबा गुडघ्याच्या दुखण्यानं आठ दिवस दवाखान्यात भरती होते. आदल्या संध्याकाळीच त्यांना सुट्टी मिळालेली.

पहिलं गिऱ्हाईक आलं लोधीखेड्याचा रामाजी, आमच्या ओळखीतला. माझ्या डोक्याकडं पाहून त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"मास्टर... बाबा?"

"हाव. काल संध्याकाळी सुटले."

"लय तरास झाला असन."

"मंग! आठ दिवस निरा तरास. आता मोकळे झाले एकदाचे."

"निघता निघता बोलले काही?"

"बोलले ना! म्हने, चहात साखर जास्त टाकजो."

रामाजी डोळे पुसायला लागला. मी मनात म्हटलं, केवढा जीव आहे याचा बाबांवर! शिवलेला पायजमा न घेताच गेला बिचारा.

अर्ध्या तासानं सावरगावहून बहिणीचा फोन. रामाजीनं तिच्या घरी कळवलं होतं, हे मला काय माहीत?

"दादा! बाबाचं... खरं हाये काय?"

"हाव व शोभा. काल पाचले घरी आनलं."

"अन् मले सांगतलं नाई?"

"तुह्या कापसाची वेचनी सुरू हाये. म्हनलं, कायले तुले धावपळ?"

तिकडून असा हंबरडा फुटला की फोन हातातून पडता पडता राहिला. "मी निघाली! मी येईलोक हलवू नका त्याहिले!"

"अव, हलवीन कसा? डॉक्टरनंच नाई म्हनलं—"

फोन कट. बहिणी हळव्याच असतात, असं म्हणून मी परत मशीनवर बसलो. आता बोला, माझ्यासारखा शहाणा पाहिला का कुठं?

दुपारी जेवायला घरी गेलो, तर दारात जीप. शोभा उतरली. मागून तिच्या सासरच्या पाच बाया, पदर तोंडाला. रामाजीही हार घेऊन तेवढ्यातच पोचलेला. अन् अंगणात खाटेवर आमचे बाबा, संत्रं सोलून राहिलेले!

शोभा जागच्या जागी थिजली. बाया रडता रडता खाटेकडं पाहू लागल्या. बाबांनी एक फोड तोंडात टाकली.

"काऊन रडता व? कोन गेलं?"

"तुम्हीच गेले ना, बाबा!"

"मी? कवा?"

"काल पाचले!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "अबे, मले तरी सांगाचं!"

शोभा त्यांच्या गळ्यात पडली अन् आता खरंखुरं रडली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. रामाजीनं हार पाठीमागं लपवला.

"मंग मास्टर, हे टक्कल कोनासाठी?"

झालं! मला वाटलं, दुकान गेलं आपलं. पण आता लपवणार तरी काय? दुपट्टा काढला अन् सगळं सांगून टाकलं. रोग, मशीन, गुरुवार, सगळं.

शोभा जवळ आली अन् माझ्या चट्ट्यांवर तिनं सरळ हात ठेवला. "दोन वरसं एकटाच खाजवून राहिला काय रे, दादा?"

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रामाजी खाकरला. "मास्टर, पायजमा राहिला माहा. शुक्रवारी येतो."

गुरुवारी मी बायकोला घेऊन ताठ मानेनं नागपूरच्या दवाखान्यात शिरलो. डॉक्टरीणबाई पाहतच राहिल्या.

"हे काय केलंत, मास्टर?"

"तयारी!"

त्यांनी ड्रॉवर उघडून मशीन बाहेर काढली. पाहतो तर काय, कंगवा! दात्यांच्या मधून निळसर उजेड येऊन राहिलेला.

"अहो, हा कंगवा केस बाजूला सारतो अन् उजेड आत सोडतो. दाट केसांतून तो चामडीपर्यंत पोचतो का, एवढंच तर आम्हाला तपासायचं होतं!" त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं. "सध्या मलम लिहून देते. चाचणीसाठी केस वाढले की या."

पायऱ्या उतरताना बायको एवढंच बोलली, "तीस वरसं मास्टर म्हनून मिरवून राहिले, अन् सोताचंच माप न घेता कापून बसले!"