पायाळूचा अंगठा

मी पायाळू जन्मले, म्हणजे आधी माझे पाय या जगात आले आणि मग मी. आमच्या भूमकडच्या गावांत अशा माणसानं कंबरेला पाय लावला की भरलेली उसण जाते, असं मानतात. त्यामुळं मला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून लोक उचलून न्यायचे. दुखणाईत माणूस ओसरीवर पालथा झोपायचा, कुणीतरी मला काखेत धरून उभं करायचं, आणि माझा डावा पाय त्याच्या कंबरेला तीनदा लागायचा. मग माझ्या हातावर गुळाचा खडा यायचा. शाळेत असेपर्यंत मला या पायाचा भारी तोरा होता. पुढं फिजिओथेरपी शिकले, धाराशिवला दवाखाना टाकला, आणि तिथंही गावाकडची माणसं येऊन म्हणायला लागली, "बाई, ते सगळं राहू द्या, तेवढा पाय लावा." तेव्हा मात्र माझं डोकं फिरायचं. एवढ्या स्नायूंची नावं काय लाथा मारण्यासाठी पाठ केली होती?

माझा राग सगळ्यात जास्त निघाला तो माझ्याच चुलतीवर. काकूंची गावात खव्याची भट्टी आहे. काका दूध गोळा करून आणतात, त्यापुढचं सगळं काकूंचं. भल्यामोठ्या कढईत दूध आटवत लांब दांड्याचं उलथनं फिरवत राहायचं. हात थांबला की दूध तळाला लागतं आणि अख्खा घाणा करपतो. पंचवीसेक वर्षं काकूंचा उजवा हात थांबला नव्हता. मग एका उन्हाळ्यात त्यांचा दंड दुखायला लागला. आधी रात्री कूस बदलताना, मग केस विंचरताना, आणि शेवटी उलथनं हातात धरवेना. एक्स-रेत काही निघालं नाही. गोळ्या झाल्या, तेल लावून दंड चोळून झाला, मिठाच्या पुरचुंडीनं शेकून कातडी काळी पडली. दुखणं जागचं हललं नाही. चुलतभावानं सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघू. न्हाय जमलं तर कढई उतरवू अन् दूध डेअरीला घालू." काकू दुसऱ्याच दिवशी धाराशिवला निघाल्या.

त्या दवाखान्यात आल्या त्या दंड पुढं करूनच. मी त्यांना पालथ्या झोपायला सांगितलं.

"पालथी कशाला? पाठीला काय झालंय माझ्या?"

"काकू, दुखतंय दंडात, पण मला खांद्याच्या मागं बघायचंय."

"तुला शिकवलंय तरी काय? दुखतंय हितं अन् तू बघणार तिथं. त्यापरीस तुझा पाय लाव दंडाला, मला मोकळी कर."

मी भडकले. हा दवाखाना आहे, देवऋषीचं ठाणं नव्हे, असं चार पेशंटसमोर त्यांना सुनावलं. काकूंनी डाव्या हातानं पदर सावरला आणि सरळ एसटी गाठली. पुढं दोन महिने त्यांनी माझा फोन घेतला नाही. माझं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा काकूंना काडीचा उपयोग झाला नव्हता. हे कळायला मला दोन महिने लागले, याची अजून लाज वाटते.

गौरींना मी गावी गेले. भट्टीवर वहिनी बसली होती आणि पार वेशीपर्यंत करपल्याचा वास येत होता. काकू तिकडं पाठ करून भाजी निवडत होत्या. पूजेला बसल्या, तर गौरीच्या कपाळापर्यंत उजवा हात जाईना. डाव्या हातानं कुंकू लावायचं नाही, म्हणून त्यांनी करंडा सुनेच्या हातात दिला आणि स्वतः मागं सरकल्या. माझा सगळा ताठा तिथंच उतरला.

जेवणं झाल्यावर मी म्हणाले, "काकू, पाय लावते. झोपा पालथ्या."

त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग सतरंजी अंथरली आणि पालथ्या झोपल्या. पायासाठी पालथं झोपायचं असतं हे त्यांना कुणी पटवून द्यायला नको होतं. मी डावा पाय त्यांच्या कंबरेला लावला. एकदा, दोनदा, तीनदा, अगदी रीतीप्रमाणं. पदवीचं काय व्हायचं ते होवो.

मग त्या उठायच्या आत शेजारी बसले आणि खांद्यामागच्या त्रिकोणी हाडावर अंगठा ठेवला. त्या हाडावर एक पसरट स्नायू असतो. त्याच्या धाग्यांना आडवा अंगठा फिरवत गेलं की निरोगी जागी मऊ लागतं, आणि आखडलेल्या जागी सुतळी ताणल्यासारखी लागते. ती सुतळी मला लगेच सापडली. तिच्यावर हरभऱ्याएवढी गाठ होती. मी हळूच दाब दिला.

"अगं, दंडात कोण टोचतंय?" काकूंनी मान वळवली.

"कुणी न्हाय काकू. माझे दोन्ही हात तुमच्या पाठीवर आहेत."

त्यांनी मान परत सतरंजीवर टेकवली. मग म्हणाल्या, "परत दाब बरं." मी दाबलं. "सोड." सोडलं. "आता दाब." असं त्यांनी चारदा करायला लावलं. खवा हातावर घोळून बघावा तशी त्या माझी पारख करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दुखणं हितं बसलंय अन् बोंबलतंय तिथं. अन् मी येड्यावानी दंड चोळत बसले."

कॉलेजात आम्हाला हेच शिकवायला दोन तास लागले होते.

मी सांगितलं की दात आवळायला लागतील इतकं दाबायचं नसतं. सोसेल एवढाच दाब द्यायचा आणि अंगठा तिथंच थांबवायचा, रगडायचं नाही. पेशंटनं श्वास सोडत राहायचं. थोड्या वेळानं दंडातली कळ विरत जाते, गाठ अंगठ्याखाली सैल पडते, मग जरासं आणखी आत जायचं. तीन वेळा तसं केलं, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवला आणि हात छातीवरून पलीकडं ओढून धरायला लावला. त्या दिवशी हात कानापर्यंत गेला. काकू आपल्या हाताकडं अशा बघत होत्या, जणू तो सासरहून माहेरी आलाय.

गावात अर्थातच बोभाटा झाला की पायानं गुण आला. मी दातओठ खाऊन गप्प बसले. पण पुढच्या रविवारी गेले आणि सवयीनं पाय उचलला, तर पालथ्या झोपलेल्या काकू म्हणाल्या, "पाय राहू दे आता. अंगठा लाव." अख्खी आळी दारात उभी होती. मला नाचावंसं वाटलं.

दर रविवारी मी जात राहिले. अंगठा दमला की कोपरानं हलकेच दाबायचे. मधल्या दिवसांत पाठ आणि भिंत यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून रेलायला शिकवलं. काकू त्याची सबब सांगून भिंतीला टेकून शेजारणींशी तासभर गप्पा मारायच्या, तेव्हा चेंडू काढून घ्यायची धमकी द्यावी लागली. भट्टीसमोरचा त्यांचा पाट फार खाली होता, हात सारखा खांद्याच्या वर राहायचा. पाटाखाली विटा लावून तो उंच केला. यावर मात्र भांडण झालं, कारण तो पाट सासूबाईंच्या वेळेपासून तिथंच होता. दोन दिवस धरून बसल्या, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या की आणखी एक वीट लाव.

दसरा आला. खंडेनवमीला उलथनं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत ठेवलं होतं. दसऱ्याला सकाळी काकूंनी ते उचललं, वहिनीला "सरक" म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. चुलतभाऊ दारात हाताची घडी घालून उभा. मी गरम टॉवेल घेऊन मागं उभी. दूध पातळ असतं तोवर कुणीही फिरवील. ते घट्ट होऊन उलथन्याला ओढ बसायला लागते तिथं खरी कसोटी असते. ती वेळ आली. काकूंचा हात कढईच्या तळातून सपासप फिरत राहिला. खवा कडा सोडून मधे गोळा झाला, पांढरा, दाणेदार, कुठंही डाग नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. भाऊ दुधाचे कॅन आत आणायला लागला.

दुसरा घाणा झाला, तिसरा चढला. दुपारपर्यंत मला कुणी चहासुद्धा विचारला नाही. हातातला टॉवेल कधीच गार झाला होता. शेवटी मीच पुढं होऊन विचारलं, "काकू, हात कसाय आता?"

कढईवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "कुठला?"