गिळलेली दाद

जोंजू शहराच्या दक्षिण बाजारामागच्या गल्लीत क्वाक छुन-बेचं मोडांच्या सूप-भाताचं दुकान आहे. सूप त्याची बायको माल-सुन करते. छुन-बे टेबलं पुसतो, वाटीत अंडं फोडतो आणि गिऱ्हाईक नसलं की मांडीवर ताल धरतो. साठी उलटलेल्या माणसानं धरावा खुशाल ताल, कोण काय म्हणणार! पण हा माणूस सूप विकायला जन्मला नव्हता. त्याला पान्सोरी गायची होती. हातात पंखा घेतलेला एक गाणारा, एक ढोलवाला, खाली चटई आणि तासन्‌तास रंगणारी कथा, बस्स, एवढाच संसार त्यानं मागितला होता. ऐन विशीत आवाज फाटला तो फाटलाच. गुरुबाईंनी त्याच्यापुढे ढोल सरकवला आणि म्हणाल्या, "गळा गेला तर गेला. कान शाबूत आहेत ना? मग दुसऱ्याला गायला लाव."

आणि त्यानं लावलं की हो! ढोलवाल्याचं काम नुसतं बडवायचं नसतं. गाणाऱ्याचा दम संपत येतो, आवाज तुटायला होतो, नेमक्या त्या क्षणी "ओल्सिगू!" अशी दादेची आरोळी ठोकायची असते. त्या एका आरोळीवर गाणारा पुढची ओळ उचलतो. प्रेक्षकही दाद देतात, पण आधी ढोलवाल्यानं तोंड उघडावं लागतं. छुन-बेचं ओल्सिगू गावात नावाजलेलं, कारण तो ते उगाच कधी द्यायचा नाही. आमदाराची मेहुणी गात असली तरी आवडलं नाही तर हा ढिम्म! "छुन-बेच्या घशाला खोटं बोलता येत नाही," असं खुद्द गुरुबाई म्हणायच्या. बाई आता हयात नाहीत.

बाईंची शेवटची शिष्या म्हणजे मा ये-सोल. तिशीतली पोर, केस कानापर्यंत कापलेले, आणि डोक्यात भलतीच खुळं. तिनं नवी पान्सोरी रचली ती घरोघर जेवण पोचवणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोराची. ना राजा, ना राजपुत्र! शेजारी गिटारवाला, मागे पडदा, आणि पडद्यावर तिच्या एका चित्रकार मैत्रिणीनं काढलेला जिना. गाणं चढेल तसा तो जिनाही रेघेरेघेनं वर चढायचा. ढोलाला मात्र तिला छुन-बे काकाच हवे होते. तो "बरं" म्हणाला.

बातमी फुटायला कितीसा वेळ! बाईंकडे छुन-बेबरोबर शिकलेला, आता पंखे विकणारा होंग-ग्यू दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर.

"काय रे छुन-बे, ऐकतोय ते खरं? उद्या पिझ्झाच्या खोक्यावर ताल धरशील!"

"सूप गार होतंय. गीळ मुकाट्यानं."

"बाई वर कपाळ बडवून घेत असतील, मेल्या!"

छुन-बे हसला, पण शब्द लागला. पुढे बरेच दिवस त्यानं स्वतःला हेच सांगितलं, की नंतर जे घडलं ते सगळं होंग-ग्यूच्या जिभेमुळे. साफ खोटं. खरं दुखणं तालमीतच सुरू झालं होतं. ये-सोलनं डोळे मिटून आलाप घेतला आणि छुन-बेला बाईंचा आवाज ऐकू आला. जो आवाज मिळावा म्हणून त्यानं धबधब्याखाली उभं राहून रियाज करताना गळ्यातून रक्त काढलं होतं, तो ह्या कापल्या केसांच्या पोरीच्या गळ्यात जाऊन बसला होता! आणि ती त्यात गात काय होती, तर नूडल्सची ऑर्डर! त्याच्या पोटात दुखलं. दुसरं काही नाही.

पहिल्या प्रयोगाला हॉल भरला होता. कथेतली लिफ्ट बंद पडते, पोरगा नूडल्सची पिशवी घेऊन जिना चढायला लागतो. ये-सोलचा आवाज मजल्यामागून मजला चढत गेला, पडद्यावरचा जिना चढत गेला, छुन-बेचा ढोल दोघांना वर ढकलत गेला. अगदी वरच्या पायरीवर पोराचा फोन वाजतो. गावाहून आई. ती विचारते, "जेवलास का रे?"

दिवसभर लोकांचं जेवण वाहणारा तो उपाशी पोरगा! त्या शब्दावर ये-सोलचा आवाज मधोमध चिरला. असा चिरला की छुन-बेच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओल्सिगू आपसूक घशापर्यंत आलं.

आणि त्यानं ते गिळलं.

ठोके बिनचूक पडले, त्यात खोट नव्हती. तोंड मात्र मिटलेलं. ढोलवाला गप्प, म्हणून हॉल गप्प. ये-सोलनं त्याच्याकडे पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा पाहिलं. त्यानं नजर ढोलावर ठेवली. तिची पुढची ओळ हरवली. ती कमरेत वाकली आणि आत निघून गेली. लोकांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या.

आत गेल्यावर तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्याच्यापुढे वाकली. "काका, माफ करा. तुम्ही एवढं छान वाजवलंत, मीच कमी पडले."

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला. असं म्हणवलं तरी कसं, देव जाणे!

घरी जाताना माल-सुननं विचारलं, "अहो, आज तोंड का शिवलं होतं तुमचं?"

"घसा बसलाय."

झालं! दुसऱ्या दिवसापासून माल-सुन सकाळ-संध्याकाळ आलं-मध घालून नाशपाती उकळायला लागली. वाटी पुढ्यात ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहायची, शेवटचा घोट संपेपर्यंत. तो गोड रस छुन-बेला विषासारखा लागे. प्रत्येक घोटाला ये-सोलचं वाकणं आठवे. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत त्यानं दिवस काढले.

शुक्रवारी दुपारी, दुकान रिकामं झाल्यावर ये-सोल स्वतःच आली. बसलीसुद्धा नाही.

"काका, उद्याचा दुसरा प्रयोग रद्द करतेय. आता हॉलवर सांगायलाच चाललेय, म्हटलं आधी तुम्हाला सांगावं."

"एका दिवसानं काय होतं, पोरी? उद्या नीट होईल."

"नुसतं उद्याचं नाही. गाणंच सोडतेय. मावशी बुसानला बोलावतेय, तिच्या दुकानात बसेन."

"वेडी का काय! का पण?"

"तुम्ही विचारताय?" ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "लोक काहीही म्हणोत, मला फरक पडत नव्हता. तुमच्या घशाला खोटं बोलता येत नाही ना, काका! तुम्ही गप्प राहिलात तेव्हाच मला कळलं."

माल-सुन नाशपातीची वाटी घेऊन आतून येत होती. छुन-बेनं दोघींकडे पाहिलं आणि हातातलं फडकं टेबलावर टाकलं.

"माझा घसा खोटं बोलला, पोरी."

"म्हणजे?"

"तू चुकली नव्हतीस. तसं गाणं मी बाईंनंतर ऐकलं नव्हतं. आरोळी इथपर्यंत आली होती," त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. "मी गिळली. जळलो मी तुझ्यावर. जे मला मिळालं नाही ते तुला मिळालं, म्हणून जळलो. तुला पडताना बघत बसलो आणि ठोके मोजत राहिलो."

माल-सुननं हातातल्या वाटीतला सगळा रस मोरीत ओतला. "आठवडाभर नाशपात्या उकळतेय मी! ह्या घशासाठी!" एवढं बोलून ती आत गेली.

ये-सोलचे डोळे भरले होते, पण आवाज थंड होता. "आवडलं होतं?"

"हो."

"खरंच?"

"आईशप्पथ."

"मग उद्या मी गाणार. ढोल तुम्हीच वाजवा, आता ऐनवेळी दुसरा कुठून आणू? पण तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही."

"अगं, उद्या तरी मला..."

"उद्या तुम्ही ओल्सिगू म्हणालात तर ते खरं की भरपाई, हे मला कसं कळणार, काका?"

छुन-बेनं मान खाली घातली. "बरं," म्हणाला.

शनिवारी होंग-ग्यू पुढच्याच रांगेत येऊन बसला, हाताची घडी घालून, फजिती बघायला. माल-सुनही आली, पण बसली पार मागे. ये-सोल गायला लागली. लिफ्ट बंद पडली, पोरगा जिना चढू लागला. छुन-बेनं आयुष्यात वाजवला नसेल असा ढोल वाजवला. वरची पायरी आली. फोन वाजला.

"जेवलास का रे?"

आवाज चिरला. मागच्यापेक्षा खोल. छुन-बेचा घसा आरोळीनं गच्च भरला, पण शब्द दिला होता. हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता, सवयीनं. तोच तो जीवघेणा सन्नाटा पुन्हा पसरायला लागला. म्हणावं तर शब्द मोडला, न म्हणावं तर ती पडली! त्याचे डोळे वाहायला लागले. ये-सोलनं ह्या वेळी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती लोकांसमोर सरळ उभी होती, पंखा छातीशी धरून.

"ओल्सिगूऽऽ!"

होंग-ग्यू! घडी सोडून, खुर्चीतून अर्धा उठून, गाल ओले झालेला होंग-ग्यू! मग अख्खा हॉल उसळला.

दाद मिळाली की गाणारी ढोलवाल्याकडे बघून जराशी मान झुकवते, ही जुनी रीत आहे. ये-सोलनं मान झुकवली ती होंग-ग्यूकडे बघून. मग श्वास भरून तिनं पुढची ओळ उचलली. छुन-बेनं ओठ आणखी घट्ट मिटले आणि तिच्या ओळीखाली ठोका दिला.