परवान्यापुरता वैरी

मला दोन नाद आहेत, बंदुकीचा आणि गिटारचा. आमच्या भागात पहिल्याचं कारण कुणी विचारत नाही. दुसऱ्याचं मात्र सगळे विचारतात. "कावून वाजवता वो?" हे मला बँकेच्या कॅशिअरनं विचारलंय, किराणावाल्यानं विचारलंय, आणि लग्नाला चौदा वर्षं झाली तरी बायको अजून विचारते.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, काय पाहिजे ते छापतो. गिऱ्हाईक फोटो देतं आणि सांगतं, "मागं वाघ टाका." ज्या माणसावर घरचं कुत्रं भुंकतं त्याच्याही मागं मी वाघ टाकलेला आहे. काही जण शर्ट जरा वर सरकवून फोटो काढतात, म्हणजे कमरेचं पिस्तूल दिसावं. त्यातलं खरं कोणतं आणि सिगारेट पेटवायचा लायटर कोणता, हे मला लांबून कळतं. एका उगवत्या नेत्याचा लायटर मी तोंड बंद ठेवून दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर छापलाय. लोक त्याला अजून बिचकून असतात.

माझ्याकडे तेव्हा फक्त एक एअरगन होती. रविवारी सकाळी मळ्यात जायचं, विहिरीच्या कठड्यावर फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे मांडायचे आणि पंचवीस पावलांवरून एकेक पाडायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि बोट असं दाबायचं की दाबलेलं आपल्यालाही कळू नये. परत येताना पारावरचं कुणीतरी विचारायचं, "काय मारलं?" मी सांगायचो, डबा. "डबा?" म्हणून माणूस तोंड फिरवायचा. नेम कुठं लागला हे कुणाला ऐकायचं नव्हतं. कुणाला लागला, एवढंच पाहिजे होतं.

गिटार मी अंबाजोगाईच्या एका मोटारसायकल मेकॅनिककडून शिकलो. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. दोन गाड्यांच्या दुरुस्तीमधल्या वेळेत, उलट्या डब्यावर बसून शिकवायचे. माझी बोटं तारेवरून झटक्यात उठायची तेव्हा म्हणायचे, "अरे, क्लच कैसा छोडता तू? वैसेच उंगली छोड. आहिस्ता. नै तो गाडी बंद पडती."

माझ्याबरोबर मागच्या सीटवर बसून यायचा तो माझा चुलतभाऊ. माझ्याच वयाचा. त्याच्या बापाच्या भजनी मंडळात लहानपणापासून गायलेला, त्यामुळं गळा तयार. संध्याकाळी दुकान बंद केलं की आम्ही दोघं गच्चीवर बसायचो. मी वाजवायचो, तो गायचा. गवळणी, जुनी गाणी, कधी नुसतेच आलाप. मला पुढचा कॉर्ड सापडेना झाला की तो तोच सूर धरून ठेवायचा आणि हातानं खुणावायचा, की हुडक, घाई नाही. गावात त्याला 'भजनी' म्हणायचे. म्हणताना हसायचे. सोसायटीत त्याला कुणी खुर्ची देत नसे.

पस्तिशी उलटल्यावर मला खऱ्या रिव्हॉल्व्हरची ओढ लागली. कुणाला मारायचं नव्हतं, दाखवायचं तर मुळीच नव्हतं. चक्री फिरताना होणारा आवाज, सहा खणांचं ते घोटीव काम हातात घेऊन बघायचं होतं. अर्ज आणला. त्यात कारणाचा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, छंद. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्यानं ते वाचलं आणि चष्मा काढला.

"छंद-बिंद हितं चालत न्हाई. जिवाला धोका लिवा."

"पण धोका नाही."

"मग आना की."

मी धोका लिहिला. चौकशीला ठाण्यात बोलावणं आलं. फौजदार माणूस सभ्य होता. त्यानं चहा मागवला आणि विचारलं, "कुनापासून धोका हाय?" मी विचार करू लागलो. बांधावरून कुणाशी? नाही. भावकी? बरी. राजकारण? मी तर दोन्ही पार्ट्यांचे फ्लेक्स छापतो. चहा संपला तरी मला एक नाव सुचेना. फौजदारानं कीव आल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"एवढी वर्सं गावात राहिलात आन एक बी वैरी न्हाई? मग केलं काय वो तुमी?"

मान खाली घालून घरी आलो. संध्याकाळी गच्चीवर भावाला सांगितलं. तो हसून हसून आडवा झाला. मग उठून बसला आणि म्हणाला, "मी व्हतो की बे तुझा वैरी. त्यात काय."

आम्ही रीतसर ठरवलं. आमच्या दोघांच्या शेतांमधल्या बांधाचं भांडण आज्यांच्या काळात मिटलं होतं, तेच उकरून काढायचं. बाजाराच्या दिवशी, हॉटेलात, चार माणसांदेखत त्यानं माझी गचांडी धरायची आणि "तुला बघून घेतो" एवढंच म्हणायचं. गच्चीवर दोनदा सराव केला. दोन्ही वेळा त्यालाच हसू फुटलं.

बाजाराच्या दिवशी मात्र तो हसला नाही. हॉटेलात शिरला तोच डोळे लाल करून. गचांडी अशी आवळली की माझ्या शर्टाचं बटण चहाच्या कपात पडलं. ठरलेलं वाक्य म्हणाला, आणि माणसं गप्प होऊन बघतायत म्हटल्यावर त्याला पुढं सुचत गेलं. "हात तोडून टाकीन तुझे. मग बघू कशी वाजवतो ती गिटार."

हॉटेलातली माणसं हसली. माझ्या बाजूचीही हसली. धमकी खोटी होती, पण ते हसणं खरं होतं, आणि ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

मी ठाण्यात तक्रार दिली. पोलिसांनी त्याच्यावर चॅप्टर केस केली, म्हणजे शांतता राखीन असं त्याच्याकडून लिहून घेतलं. जबाब देऊन तो बाहेर आला तेव्हा त्याची चाल बदलली होती. मी त्याच्या कानात म्हणालो, "उपकार झाले बघ." तो ओठ न हलवता म्हणाला, "लांब हो, लोक बघायलेत." अर्ज लिहिणाऱ्यानंही बजावलं होतं, परवाना हातात पडेपर्यंत एकत्र दिसू नका.

परवान्याला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात आमचं गच्चीवरचं बसणं बंद झालं आणि त्याचं नशीब उघडलं. ज्याच्या भीतीनं एक माणूस सरकारकडं बंदूक मागतो, तो माणूस साधा नसणार, असा गावानं हिशेब केला. हॉटेलात त्याला खुर्ची पुसून मिळू लागली. भजनी म्हणणारे 'भाऊ' म्हणू लागले. लोक भांडणं मिटवायला त्याच्याकडं जाऊ लागले, आणि मिटली तर नवी सुरू करायलाही त्याच्याकडंच. त्यानं मिशा वाढवल्या. एकदा रसवंतीच्या मागं चोरून भेटलो तेव्हा मी विचारलं, "गाणं हाय का चालू?"

"न्हाई बे," तो म्हणाला. "आता गाणं बरं दिसत न्हाई."

रिव्हॉल्व्हर आलं. बत्तीस बोअर, निळसर काळं, हातात घेतलं की मनगटाला त्याचं वजन कळायचं. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात आणि उडवलेल्याचा जाब द्यावा लागतो, म्हणून मी एकही उडवलं नाही. दर रविवारी जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायचो, थेंबभर तेल द्यायचो, रिकामी चक्री फिरवून कान देऊन ऐकायचो आणि कपाटात ठेवून द्यायचो. मग गिटार काढायचो. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "एक वाजतंय, ते कुनी ऐकत न्हाई. दुसरं वाजतच न्हाई, पर ते समद्या गावानं ऐकलंय."

गावानं ऐकलं होतं हे खरं. लोक मला आधी नमस्कार करू लागले. गिटार घेऊन जाताना कुणी हसेना. मी सुधारलो असं त्यांना वाटत असावं. मलाही ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

परवाना हातात येऊन काही महिने झाल्यावर मी भावाला फोन केला. म्हटलं, संपलं आता, ये गच्चीवर. तो कुजबुजला, "खुळा हायस का? ग्रामपंचायतीला उभा राहतोय मी. तुझ्यासंगं बसलो तर काय राहतं माझं?" दोन दिवसांनी त्याची माणसं फ्लेक्स छापायला माझ्याच दुकानात आली. जवळ दुसरं दुकान नव्हतं. वर 'निर्भीड नेतृत्व' टाकायचं आणि मागं दोन वाघ. मी दोन टाकले. निवडणुकीमुळं सगळ्या परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा झाली होती, त्यात माझंही. मी निःशस्त्र आणि तो निर्भीड, अशा स्थितीत तो निवडून आला.

निकालानंतर हत्यारं परत मिळाली. पुढं काही महिन्यांनी एक हवालदार दुकानात आला. माझा जबाब पाहिजे होता. भावानं शस्त्र परवान्याला अर्ज केला होता. कारणाच्या रकान्यात मी होतो. सदर इसमाकडं रिव्हॉल्व्हर असून जुनं वैर आहे, सबब अर्जदाराच्या जिवाला धोका आहे, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

हवालदारानं विचारलं, "वैर हाय का?"

नाही म्हणालो असतो तर माझी जुनी तक्रार खोटी ठरत होती. म्हटलं, "हाय."

"किती?"

"लई."

मी सही केली. हवालदारानं अदबीनं कागद घडी केला आणि म्हणाला, "बरं झालं. तुमचं बी नाव झालं आता." त्या संध्याकाळी मी गिटार काढली नाही. खोटं मी आधीही बोललो होतो, पण तेव्हा निदान आम्ही दोघं मिळून बोललो होतो.

त्यानंतर जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी निघाली. ज्याच्या त्याच्या कमरेला लोखंड झालं होतं, त्यामुळं कधीतरी हे व्हायचंच होतं. मला नोटीस आली, धोका अद्याप शिल्लक आहे काय? माझ्या ओळखीतल्या परवानाधारकांनी वकील गाठले, एकानं तर घाईघाईनं नवी धमकी मिळवली. मी दोन दिवस नोटीस समोर ठेवून बसलो. मग उत्तर लिहिलं, धोका नाही. रिव्हॉल्व्हर शेवटचं पुसलं आणि जमा करून आलो. ठाण्यात माझ्या पुढं रांगेत चौघे होते. कुणाच्याही हत्याराला तेल नव्हतं. एकाच्या चक्रीत जाळं होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी भाऊ दुकानात शिरला. बाजाराच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मला वाटलं, समेट करायला आला. मी खुर्ची पुढं केली. त्यानं ती लाथेनं सरकवली.

"परवाना कावून सोडला बे?"

"मला कुठं धोका होता?"

"तुला न्हाई, पर मला व्हता ना! तुझ्याकडं हत्यारच न्हाई म्हनल्यावर माझा अर्ज कशावर टिकतोय? इचारायचं तरी व्हतं."

मी हसलो. तो विनोद करतोय असं मला खरंच वाटलं होतं. त्यानं पुन्हा माझी गचांडी धरली. या वेळी बघायला कुणी नव्हतं, फक्त छपाईचं मशीन चालू होतं. मग त्यानं सोडलं. कोपऱ्यात गिटार उभी होती, तिच्याकडं त्याची नजर गेली आणि तिथंच थांबली.

मी म्हटलं, "बसतोस का? शटर ओढून घेतो."

त्यानं क्षणभर दाराकडं बघितलं. बाहेर गाडी चालू ठेवून त्याची माणसं उभी होती. "कामं हायत," म्हणाला आणि गेला.

उस्तादांना मी सगळं सांगितलं. ते कार्बोरेटर साफ करत होते. म्हणाले, "तेरे भाई का गला अच्छा था रे. तू उसको मूछ लगा दिया." एवढं बोलून फुंकर मारायला लागले.

भावाचा अर्ज रखडला, पण बुडाला नाही. त्याला फक्त दुसरा वैरी पाहिजे होता. त्यासाठी त्याला माझ्यासारखं डोकं खाजवावं लागलं नाही. त्याचा वैरी होण्यात आता प्रतिष्ठा होती. पाच-सहा जण आपणहून तयार झाले, त्यांच्यात म्हणे चुरसही झाली. त्यातला एक निवडला आणि परवाना मिळाला.

मागच्या महिन्यात तो मला अंबाजोगाईच्या रस्त्यावर पेट्रोल पंपावर दिसला. माणसं गाडीत होती, तो हवा तपासायला उतरला होता. कमरेला नवं कोरं चामडी कव्हर. मी न बघितल्यासारखं करणार होतो, पण राहवेना. ते कव्हर डावखुऱ्या माणसाचं होतं आणि त्यानं ते उजव्या बाजूला लावलं होतं. मूठ उलट्या दिशेला. तिथून हत्यार काढायला गेलं तर मनगट मुरगळणार.

मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "कव्हर चुकीचं हाय. उजव्या हाताचं घे. ह्यातनं निघायचं न्हाई."

त्यानं खाली कमरेकडं बघितलं, मग माझ्याकडं. किती दिवसांनी तो माझ्याकडं बघून हसला.

"काढायची कुनाला हाय बे," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.